प्रवासातले आवाज, डान्स ट्रॅक आणि रिमिक्सचं फोल्डर

रेल्वेचा खडखडाट बीटखाली नुसता पसरून ठेवला, तर चार बारांत (एक बार म्हणजे चार बीट्स) त्याचा गोंगाट होतो. तो तालातच बसवावा लागतो.

रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. माइकला केसाळ विंडशील्ड हवंच, कारण वाऱ्याची घरघर नंतर पूर्ण निघत नाही. मागे स्पीकरवर कुणाचं गाणं वाजत असेल, तर ती क्लिप सोडून द्या. हक्काचा दावा त्यावरही येतो.

124 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 124 बीट्सच्या वेगाला, एक बीट 0.484 सेकंदांची. अख्खी क्लिप त्या मापात ताणली की ठोक्यांची धार बोथट होते. त्यापेक्षा रुळांच्या सांध्यांवरचा एकेक ठोका कापून ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या बीट्सच्या रेघांवर) ठेवा, काही 10-15 मिलिसेकंद मागे सरकवा. 150 हर्ट्झखालचं काढून टाका, नाहीतर किक (ड्रमचा जड ठोका) आणि बास गढूळ होतात.

खरा घोळ होतो तो स्टेम्समध्ये, म्हणजे रिमिक्स करणाऱ्याला द्यायच्या एकेका वाद्याच्या वेगळ्या फाइल्समध्ये. प्रत्येक फाइल पहिल्या बारपासून सुरू व्हावी, भले सुरुवातीला दोन मिनिटं शांतता असेना. मास्टरवरचा (अख्ख्या मिक्सवरचा) लिमिटर, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन, काढा. बास आणि पॅडवरचं (लांब सुरांवरचं) साइडचेनही, म्हणजे किक वाजताना त्यांचा आवाज दाबणारी जोडणी, बंद करून एक्स्पोर्ट करा. ते राहिलं तर रिमिक्सरने किक बदलली तरी जुन्या किकचे हेलकावे ऐकू येतात. गायन कोरडं (इफेक्टशिवाय) आणि रिव्हर्बसह (घुमाऱ्यासह), दोन्ही द्या. मेलडीची मिडी फाइल (आवाज नव्हे, सुरांची नोंद) द्या, बीपीएम आणि स्केल लिहून ठेवा. प्रवासाचे आवाज न कापलेलेही द्या, म्हणजे दुसऱ्याला त्यातून स्वतःचा ताल शोधता येतो.

ड्रम अँड बेस या वेगवान नृत्यसंगीतासाठी साधारण 174 बीपीएम लागतात. 124 चं गायन तिथे 40 टक्के वेगाने पळवावं लागतं किंवा त्याच्या निम्म्या 87 वर 30 टक्के मंद करावं लागतं. दोन्हींत ते बिघडतं. एखाद-दुसरा शब्दच घेतलेला बरा.

डीजेंसाठीच्या एक्स्टेंडेड मिक्सला 32 बारांची ड्रम्सची सुरुवात द्या, म्हणजे 124 ला साधारण 62 सेकंद. त्याला आणि प्रत्येक रिमिक्सला वेगळा 12 अक्षरी आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) घ्या. मूळ ट्रॅकचाच कोड टाकला तर स्ट्रीम्सचे हिशेब एकमेकांत मिसळतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ट्रॅक पाठवायचा, तर प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी.