मुलाच्या नजरेतून लिहिलेली होलोकॉस्टची कादंबरी वर्गात कशी वाचावी

आठवी-नववीतल्या मुलांची होलोकॉस्टशी, म्हणजे हिटलरच्या नाझी राजवटीने केलेल्या ज्यूंच्या संहाराशी, पहिली गाठ पडते ती बहुधा एखाद्या कादंबरीतून नाहीतर सिनेमातून. त्यातली गोष्ट पुष्कळदा लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेली असते. मुलाला काही कळत नाही आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं, या फरकावर अशी कादंबरी उभी असते. अडचण एकच: आपल्या वर्गातल्या मुलांनाही इतिहास माहीत नसतो. मग कादंबरीतल्या मुलाचं अज्ञान त्यांना त्या काळाचंच सत्य वाटू लागतं. शिकवताना सगळी काळजी इथे घ्यायची आहे.

उदाहरणाला जॉन बॉइन यांची ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ (२००६) घेऊ, कारण मुलांनी ती वाचलेली किंवा पाहिलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. नाझी छावणीच्या कमांडंटचा (प्रमुखाचा) नऊ वर्षांचा मुलगा ब्रुनो आणि कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा श्मुएल यांची ही मैत्री. होलोकॉस्टचा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं, असं आउशवित्झच्या (कादंबरी जिथे घडते त्या पोलंडमधल्या नाझी छावणीच्या) स्मारक-संग्रहालयाने जानेवारी २०२० मध्ये जाहीरपणे म्हटलं. इतिहासाचं पुस्तक म्हणून ते वापरू नयेच. पण पूर्वग्रह आणि निरागसता यांचं चित्रण तपासायला ते उपयोगी पडतं. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र घेऊ नका.

पाऊण तासाचे चार तास हाताशी ठेवा. पुस्तक मुलांनी घरी वाचायचं.

पहिल्या तासाला पुस्तक उघडायचंच नाही. फळ्यावर आडवी रेघ मारून सहा नोंदी करा: एप्रिल १९३३, सरकारी नोकऱ्यांतून ज्यूंना काढणारा आणि शाळा-विद्यापीठांत त्यांची संख्या मर्यादित करणारा असे दोन कायदे; १५ सप्टेंबर १९३५, ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्युरेंबर्गचे वंशविषयक कायदे; ९-१० नोव्हेंबर १९३८, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि दुकानांवरचे हल्ले, त्यानंतर १५ तारखेला उरलेल्या ज्यू मुलांची सरकारी शाळांतून हकालपट्टी; सप्टेंबर १९३९, पोलंडवर आक्रमण; सप्टेंबर १९४१, जर्मनीत सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला पिवळा तारा सक्तीचा; १९४२, संहार छावण्यांकडे मोठ्या प्रमाणावर रवानगी. याहून जास्त तारखा देऊ नका, लक्षात राहत नाहीत. एकूण सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले आणि त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती, हे शेवटी सांगा.

दुसरा तास सर्वांत महत्त्वाचा. पुस्तकातले अर्ध्या पानाचे पाच-सहा उतारे निवडा आणि वहीत तीन रकाने आखायला सांगा: मुलाला काय दिसलं, त्याने त्याचा काय अर्थ लावला, आणि प्रत्यक्षात काय चाललं होतं. पहिले दोन मुलं सहज भरतात. तिसरा अंदाजाने भरू देऊ नका. पहिल्या तासाची रेघ आणि तुम्ही दिलेली माहिती यांवरूनच भरायचा. हे सोडलं तर सगळा खटाटोप वाया जातो, कारण मुलं तिसऱ्या रकान्यात पुन्हा कादंबरीच लिहितात.

त्या रकान्यात काय यायला हवं ते पाहू. आउशवित्झच्या कुंपणाच्या तारांत वीज खेळवलेली असे आणि वर पहाऱ्याचे मनोरे होते. दोन मुलांनी महिनोन्महिने तिथे बसून गप्पा मारणं शक्य नव्हतं. आउशवित्झला आणलेली मुलं व किशोरवयीन मिळून संख्या किमान २ लाख ३२ हजार, त्यांपैकी सुमारे २ लाख १६ हजार ज्यू. श्मुएलच्या वयाच्या ज्यू मुलांपैकी बहुतेकांना गाडीतून उतरवल्यावर थेट गॅस चेंबरकडे नेलं जाई. २७ जानेवारी १९४५ ला सुटका झाली तेव्हा तिथे सातशेच्या आसपास मुलं जिवंत होती.

ब्रुनोच्या बाजूचंही तपासा. कमांडंटचं कुटुंब छावणीला लागून राहत असे, हे खरं: आउशवित्झचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस पत्नी आणि मुलांसह तिथल्याच बंगल्यात राहिला. खोटं आहे ते ब्रुनोचं कोरेपण. १९४३ मध्ये बर्लिनच्या शाळेतून आलेल्या, एसएस (छावण्या चालवणारी नाझी निमलष्करी संघटना) अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला ज्यू कोण हे ठाऊक नाही, हे पटण्यासारखं नाही. त्या शाळांत वंशशास्त्र शिकवलं जाई; मनोरुग्णांच्या देखभालीवर किती खर्च होतो, अशी गणितं पाठ्यपुस्तकांत होती. ज्यूंना विषारी अळंबी ठरवणारं मुलांचं सचित्र पुस्तक १९३८ मध्ये नाझी प्रचारक युलिउस श्ट्रायखरच्या प्रकाशनगृहाने छापलं. वयाच्या दहाव्या वर्षी मुलं नाझी बालसंघटनेत जात आणि मार्च १९३९ पासून ते सक्तीचं झालं. त्या सचित्र पुस्तकातली चित्रं मात्र वर्गात दाखवू नका. वर्णन पुरतं, चित्र डोक्यात राहतं आणि त्यामागचं खंडन विसरलं जातं.

तिसऱ्या तासाला पूर्वग्रहाचा माग काढा. मुलांनी पेन्सिलने अधोरेखित करायचं: ज्यूंविषयीचं प्रत्येक वाक्य कोण बोलतं आणि ते त्याला कुठून मिळालं. वडील, घरी शिकवायला येणारा मास्तर, लेफ्टनंट कोटलर अशी साखळी दिसू लागते. इथे वर्गाचं लक्ष ब्रुनोवरून त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीकडे, ग्रेटेलकडे वळवा. बाहुल्या बाजूला सारून ती भिंतीवर नकाशे लावते आणि त्यांवर टाचण्या टोचते. द्वेष शिकणारं मूल कसं दिसतं ते या पुस्तकात तिच्याकडे पाहून कळतं, आणि खऱ्या जर्मन मुलांच्या ती ब्रुनोपेक्षा कितीतरी जवळ आहे.

शक्य असेल तर शेजारी हान्स पेटर रिश्टर यांच्या ‘फ्रीडरिश’ (१९६१) मधलं १९३८ च्या हल्ल्यांचं प्रकरण वाचा. तिथला जर्मन निवेदकही लहान आहे आणि ज्यू मुलाचा जिवलग मित्र आहे. तरी गर्दीबरोबर वाहत जाऊन तोही हातोडा चालवतो. हे प्रकरण वाचल्यावर वर्ग गप्प होतो. लगेच प्रश्न विचारू नका, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

चौथा तास कादंबरीच्या शेवटाचा: ब्रुनो कुंपणाखालून छावणीत शिरतो आणि श्मुएलबरोबर मारला जातो. एकच प्रश्न फळ्यावर लिहा: आपण कोणासाठी रडलो? बहुतेक उत्तरं ‘ब्रुनोसाठी’ अशी येतील. तो चुकून तिथे गेला म्हणून त्याचं मरण अन्याय वाटतं. मग श्मुएलचं मरण ‘चूक’ नव्हतं का? मुलांना हा प्रश्न झोंबतो आणि झोंबू द्यावा. श्मुएलला आवडीनिवडी, राग, खोडकरपणा किती दिला आहे, हे पानं उलटून मोजायला सांगा. त्यानंतर ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या डायरीतली दोन पानं मोठ्याने वाचा. लपलेल्या घरात आईवर रुसणारी आणि लेखिका व्हायचं ठरवणारी खरी मुलगी समोर आली की श्मुएल किती पुसट रंगवला आहे ते आपोआप दिसतं.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. मुलांना पिवळे तारे लावून किंवा अंधाऱ्या खोलीत बसवून ‘अनुभव’ देऊ नका. त्यातून एक तर खेळ होतो, नाहीतर भीती बसते, समज येत नाही. ‘तू श्मुएल आहेस, पत्र लिही’ हा निबंधही नको. प्रेतांची छायाचित्रं नकोत.

आपल्याकडे हमखास येणारं एक वाक्य म्हणजे ‘पण हिटलर शिस्तीचा होता’. त्याचं आत्मचरित्र रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्यांकडेही सहज मिळतं, त्यामुळे दचकू नका आणि मुलाला झापूही नका; त्याला पहिल्या तासाच्या रेघेपाशी न्या आणि ही शिस्त कोणाच्या विरोधात वापरली गेली ते नोंदीनोंदीने वाचायला लावा. ‘ज्यू पळून का गेले नाहीत’ याचं उत्तर ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर जुलै १९३८ मध्ये भरलेल्या एव्हियाँ परिषदेत आहे: ३२ देश जमले आणि बहुतेकांनी दारं उघडायला नकार दिला. जातीचा विषय निघाला तर बोलू द्या, पण तुलनेची शर्यत लावू नका. पूर्वग्रह मुलाकडे घरातून कसा येतो, एवढाच धागा धरा आणि बाकीची चर्चा वेगळ्या तासाला घ्या.

प्रकल्प द्यायचा असेल तर पोलिश-ज्यू डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांचं वॉर्सा घेट्टोतलं (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतलं) अनाथालय द्या. तिथल्या मुलांनी जुलै १९४२ मध्ये रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ सादर केलं. काही आठवड्यांत त्या मुलांना कोर्चाकांसह त्रेब्लिंकाच्या संहार छावणीत नेऊन मारण्यात आलं. कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीचा विषय मुलं स्वतःहून सुचवतील. तो चांगला आहे, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे राहिलेले पोलिश निर्वासित प्रामुख्याने कॅथलिक होते आणि सोव्हिएत राजवटीने त्यांना हद्दपार केलं होतं. हे प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या, नाहीतर दोन वेगळे इतिहास एकमेकांत मिसळतात.