हृदयात मेकॅनिकल (कृत्रिम) व्हॉल्व्ह म्हणजे झडप बसवलेल्या मुलाची रक्त पातळ ठेवणारी गोळी

वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम रोज संध्याकाळी ठरल्या वेळी द्या. सकाळी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी; आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) काढला तर डोस त्याच दिवशी बदलता येतो. बसवलेला व्हॉल्व्ह मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला) असेल तर आयएनआर सहसा २.५ ते ३.५ ठेवतात, तरी आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या. नवी स्ट्रिप आणली की मिलिग्रॅम वाचा. १ च्या जागी ४ ची गोळी जीवघेणी ठरू शकते. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही.

मेथी-पालकाने आयएनआर उतरू शकतो, तरी ती बंद करू नका, प्रमाण तेवढं सारखं ठेवा. खरा घोळ अँटिबायोटिकने होतो: मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोलने आयएनआर झपाट्याने चढतो, म्हणून ती सुरू करण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. तापाला आयब्युप्रोफेन नको. डोक्याला मार लागला तर मूल हसतखेळत असलं तरी थेट हॉस्पिटल.