हूडखाली दादा, उजव्या सीटवर धाकटी: सरावातल्या या चुका टाळा

अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) वापरत राहायचं, तर मागच्या सहा कॅलेंडर महिन्यांत सहा अप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरत येणं), होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या घालत थांबणं) आणि ट्रॅक (ठरलेला मार्ग) पकडून उडण्याचा सराव झालेला लागतो. घरातच दुसरा पायलट असेल तर सोय होते. एकाने हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवरची झडप) चढवायचा, दुसऱ्याने सेफ्टी पायलट म्हणून, म्हणजे बाहेर लक्ष ठेवायला, शेजारी बसायचं. इन्स्ट्रक्टरची फी वाचते, पण घरातल्या सवयी कॉकपिटमध्येही येतात.

सगळ्यात मोठी चूक उजव्या सीटवर होते. धाकटीचे डोळे दादाच्या सुयांवर, बाहेर बघायला कोणीच नाही. सेस्ना १७२ मध्ये डावीकडे वळताना डावा पंख खाली येतो आणि जिकडे वळायचं तीच बाजू झाकतो. शिवाय त्या खिडकीसमोर दादा बसलेला. म्हणून वळण्याआधी दादाने विचारायचं, तिने पुढे वाकून नीट बघायचं आणि ‘डावीकडे मोकळं’ म्हणायचं. तोवर वळणं नाही. सेफ्टी पायलटला समोर आणि दोन्ही बाजूंना पुरेसं दिसलं पाहिजे, किंवा त्यासाठी आणखी एक निरीक्षक सोबत हवा, असं नियमातच आहे.

दुसरी चूक म्हणजे भीड. ‘दादाला कळत असेलच’ म्हणून ती गप्प बसते, किंवा उलट, ताई सेफ्टी पायलट असली की शिकवणीच सुरू करते. जमिनीवरच आकडे ठरवा. उंची शंभर फूट किंवा दिशा दहा अंश चुकली की बोलायचं. रेटिंगच्या परीक्षेतही एवढीच सूट असते. पायलट इन कमांड (विमानाची अंतिम जबाबदारी ज्याची तो) कोण आणि कंट्रोल घेताना काय म्हणायचं, तेही तेव्हाच ठरवा. ‘बघू वर गेल्यावर’ चालत नाही.

दादाच्या रेटिंगचा सराव लॅप्स झालेला असेल, म्हणजे मुदत उलटली असेल, आणि धाकटीकडे रेटिंगच नसेल, तर ढगात शिरायचं नाही. ढग समोर आला की ‘हूड काढ, वळ’ म्हणायला तिने क्षणभरही थांबू नये.

दिशा सारखी सरकते? आधी सरळ, एकसमान वेगात उडताना हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारा डायल) होकायंत्राशी जुळवा. त्यातल्या जुन्या, व्हॅक्यूमवर फिरणाऱ्या जायरोला (भिंगरीला) दर पंधरा मिनिटांनी ते लागतंच. तरी सरकत असेल, तर नजर एकाच डायलवर चिकटली असणार.

विमान सरळ असून कललंय असं वाटतं? वळणात पडलेली पेन्सिल उचलायला मान खाली घातली की कानातला तोल फसतो. पेन्सिल राहू द्या, अॅटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारा डायल) बघा.

बिघाडाचा सराव हवा असेल तर धाकटीने न सांगता अॅटिट्यूड इंडिकेटरवर चिकट कागद लावावा. सर्किट ब्रेकर (उपकरणाची वीज तोडणारं बटण) मात्र ओढू नये. तो विनोद नाही.

लॉगबुकात सेफ्टी पायलटचं नाव लिहायचंच. आणि धाकटीने लॉग करायचा तो हूड चढलेला असतानाचाच वेळ, टॅक्सीचा, म्हणजे विमान जमिनीवर चालवण्याचा, नाही.