नऊ मिनिटांचं गणित: पहिल्या हौशी बाउटआधी माहीत हवं ते

बहुतेक नवी मुलं मोबाईलवर व्यावसायिक लढती बघून बॉक्सिंगकडे वळतात आणि उतरतात मात्र हौशी रिंगमध्ये. ठोसे तेच, दोर तेच, पण हिशेब वेगळा. पुरुषांची विजेतेपदाची व्यावसायिक लढत १२ फेऱ्यांची, म्हणजे ३६ मिनिटांची. हौशी लढत तीन फेऱ्यांची. फेरी ३ मिनिटांची, मध्ये १ मिनिट विश्रांती. १५-१६ वर्षांच्या ज्युनियर गटात फेरी २ मिनिटांची. बारा फेऱ्यांत पहिली फेरी समोरच्याला जोखण्यात घालवली तरी चालते. तीनपैकी एक हातची गेली, तर एरवी उरलेल्या दोन्ही जिंकाव्या लागतात.

गुण जजांकडे. हौशीत मोठ्या स्पर्धांना पाच जज रिंगभोवती बसतात, व्यावसायिक लढतीला तीन. फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९. वर्चस्व स्पष्ट असेल तर ८. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर वरचढ असूनही अंतिम लढत ३-२ हरला, त्यावरून एवढी आरडाओरड झाली की पुढे १९९२पासून ठोसा दिसला की जजांनी दाबायची संगणकाची बटणं आली. तीही २०१३ला गेली आणि १० गुणांची पद्धत हौशीतही आली. एक फरक मात्र राहिला. व्यावसायिक लढतीत प्रतिस्पर्धी खाली पडला की फेरी सहसा १०-८ होते. हौशीत खाली पाडण्याला वेगळा गुण नाही. तोही एक चांगला ठोसा, बस. म्हणून एका मोठ्या ठोशाची वाट बघत बसणारा इथे हरतो.

मोजला जाणारा ठोसा मुठीच्या पुढच्या, बोटांच्या पेरांच्या भागाने बसावा लागतो. डोक्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर, नाहीतर पट्ट्याच्या वर धडाच्या समोरच्या बाजूवर. त्यात वजन हवं आणि तो हातांनी अडवलेला नसावा. नवख्यांचे निम्मे हुक (कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेले ठोसे) इथेच वाया जातात: कोपर खाली राहतं, मनगट उघडं पडतं आणि ग्लोव्हचा आतला भाग चापटीसारखा लागतो. आवाज मोठा येतो, गुण मिळत नाही, वर रेफरी समज देतो. पहिल्या बाउटला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) आणि मागे सरकणारे पाय एवढं पक्कं असलं तरी पुष्कळ. सरळ ठोसा पाचही जजांना दिसण्याची शक्यता जास्त असते.

रेफरीचे शब्द तीनच: ‘स्टॉप’, ‘ब्रेक’, ‘बॉक्स’. गडबड ‘ब्रेक’ला होते. दोघं मिठीत अडकले की रेफरी तो म्हणतो. ‘ब्रेक’ म्हटल्यावर दोघांनीही आधी एक पाऊल मागे जायचं, मगच ठोसा. मिठी सुटतासुटता जाता जाता एक हाणला की तो फाऊल. समज देऊनही सुधारला नाहीत तर अधिकृत वॉर्निंग मिळते आणि तिचा एक गुण कापला जातो. तिसऱ्या वॉर्निंगला बाद. तीन फेऱ्यांत एक गुण म्हणजे जवळजवळ एक फेरीच. डोकं पट्ट्याच्या खाली नेऊन वाकणं, पकडून मारणं, मानेवर किंवा मूत्रपिंडाच्या बाजूला मारणं, मुद्दाम गमशील्ड (दातांवरचं रबरी कवच) थुंकणं हे सगळं फाऊलमध्येच येतं. दमलेला बॉक्सर यातलं पहिलं करतो, आणि दम कमी पडल्याची शिक्षा गुणांत भोगतो.

हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला बांधायची पट्टी, साधारण ४.५ मीटरची. आधी अंगठ्यात फास, मग मनगटाला तीन फेरे, मग पेरांवर, शेवटी पुन्हा मनगट. बांधताना बोटं फाकवलेली ठेवा. मूठ मिटल्यावर पट्टी घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटली पाहिजे. बोटांना मुंग्या येत असतील तर सोडून पुन्हा बांधा. हौशी पुरुषांत हलक्या गटांना १० औंसांचे आणि जड गटांना १२ औंसांचे ग्लोव्ह्ज असतात. व्यावसायिक वेल्टरवेटपर्यंत (सुमारे ६६.७ किलोचा गट) ८ औंसांचेच घालतात, त्यामुळे तिथला ठोसा जास्त टोचतो. वरिष्ठ पुरुषांचं हेडगार्ड २०१३ला गेलं, महिलांचं राहिलं.

वजनाच्या बाबतीत व्यावसायिकांची नक्कल अजिबात नको. त्यांचं वजन बहुधा आदल्या दिवशी होतं, मग पाणी पिऊन भरून काढायला रात्र मिळते. हौशी स्पर्धेत लढतीच्याच दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं, आणि जिंकत गेलात तर पुढच्या लढतीच्या दिवशीही. घाम गाळून किंवा उपाशी राहून दोन किलो उतरवलेला मुलगा दुसऱ्या फेरीत पाय ओढायला लागतो. त्यापेक्षा वरच्या गटात नाव द्या.

जोरदार फटका बसला की हौशी रेफरी उभ्या बॉक्सरलाही आठपर्यंत मोजतो. अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या एकत्रित नियमांत ही उभ्याची मोजणी नाही. तिथे पडलात तरच मोजतात, पण उठलात तरी आठपर्यंत पुरी होते. मोजणी चालू असताना हात वर आणि नजर रेफरीवर ठेवा. पाय ठीक असूनही इकडेतिकडे बघणाऱ्याची लढत थांबते.

डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबली तर किमान ३० दिवस रिंग बंद, स्पारिंग (सरावातली लढत) सुद्धा. डॉक्टर तशी नोंद बॉक्सरच्या रेकॉर्ड बुकात करतात. सरावात असा फटका बसला तर लिहायला कोणी नसतं, तेव्हा ती सुट्टी प्रशिक्षकाला सांगून स्वतःच घ्यायची.