घरच्यांना पटत नसेल तरी खाण्याच्या आजारातून बाहेर कसं यायचं

आपल्याकडे उपाशी राहिलं की "नखरे", भसाभसा खाल्लं की "खादाड", आणि गणपतीत काकू भेटली की सगळ्यांसमोर "किती सुटलीस गं", त्यामुळे हा ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याचा आजार आहे हे घरच्यांना पटवण्यात लोक महिनेच्या महिने घालवतात. माझं मत सांगते, ते पटवायचं काम सध्या बाजूला ठेवा, बरं व्हायला आधी सुरुवात करा.

सगळ्यात आधी डॉक्टर. वजन नॉर्मल दिसत असलं तरीही, कारण सारख्या उलट्या काढल्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या तर रक्तातलं पोटॅशियम कमी होतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्यायचा. मुंबईत केईएम, नायर, सायन या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे, केसपेपर काढायचा, रांग असते हे धरून चालायचं आणि सकाळी लवकर जायचं. घरी "चक्कर येते म्हणून दाखवायला जाते" एवढं सांगितलं तरी पुरे, येत असेल तर ते खोटंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. वय अठराच्या आत असेल तर मात्र कोणीतरी मोठं माणूस सोबत लागेल, आईबाबा ऐकत नसतील तर मावशी, आत्या, कॉलेजच्या मॅडम, कोणाला तरी गाठा. आणि आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.

मग खाणं, घड्याळ लावून. तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा थोडं काहीतरी, मधला गॅप तीन-चार तासांपेक्षा जास्त नको, भूक लागली की नाही ते बघायचं नाही कारण या आजारात भूक कळेनाशी होते. बहुतेकांचं गणित इथेच फसतं, सकाळी डोंबिवलीहून काही न खाता लोकल पकडायची, डबा अर्धा परत आणायचा, मग रात्री किचनमधे उभ्याउभ्या जे सापडेल ते संपवायचं आणि त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. बॅगेत केळं, चिक्की, दाण्याचा लाडू ठेवा. पण खूप दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल तर एकदम भरपूर खाऊ नका, शरीरातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन जिवावर बेतू शकतं, तिथे डॉक्टर सांगतील तसंच वाढवायचं.

संकष्टी, श्रावण, नवरात्र, हे उपास सध्या बंद. देवाधर्मावर वाद घालत बसू नका, "गोळ्या आहेत, डॉक्टरांनी उपाशी राहू नको सांगितलंय" म्हणा. डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे आजीसुद्धा फार ताणत नाही.

घरच्यांकडे समजूतदारपणा मागू नका, एखादी छोटी गोष्ट मागा. "मी जेवत असताना माझ्या ताटाबद्दल आणि वजनाबद्दल बोलू नका, बाकी काय बोलायचं ते बोला." हे जेवणाच्या वेळी नाही सांगायचं, नंतर, आणि जो सगळ्यात जास्त ओरडतो त्याला नाही, जो जरा मऊ आहे त्याला, मग तो धाकटा भाऊ का असेना. त्याने एखादवेळी विषय बदलला तरी खूप आहे.

जेवल्यावर उलटी करायची इच्छा होते तो वेळ एकटं राहायचं नाही. वन रूम किचनमधे एरवी जीव गुदमरतो, पण इथे ती गर्दीच कामाला येते, आजीसोबत सिरीयल बघा, खाली चक्कर नको कारण मग कॅलरी जाळायच्या म्हणून चालणं सुरू होतं. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, अ‍ॅसिडने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं आणि घासून ते झिजतं, पाण्यात थोडा खायचा सोडा घालून चूळ भरा. आणि पुढचं जेवण ठरल्या वेळेलाच, भरपाई म्हणून काही कमी करायचं नाही.

चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, उलटीत रक्त दिसलं किंवा जीव द्यावासा वाटला तर ओपीडीची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी, नाहीतर १०८ ला फोन. घरच्यांना तिथे पोचल्यावर कळवलं तरी चालेल.