फ्रेम कापायच्या आधी मागचं चाक पूर्ण वर नेऊन बघा

बाईकची कॅफे रेसर (छोटी सीट आणि खाली हँडल असलेली जुन्या स्टाइलची बाईक) करताना मागची फ्रेम कापून छोटा लूप, म्हणजे यू आकारात वाकवलेला पाइप, वेल्ड करतात, दिसतो एकदम भारी, पण मोठा खड्डा आला की टायर वर येऊन त्या लूपला नाहीतर सीटखालच्या वायरिंगला घासतो. बाईक नुसती उभी असताना हे अजिबात कळत नाही.

१. बाईक मेन स्टँडवर पक्की उभी करा, दोन्ही मागचे शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) काढा.

२. शॉकच्या दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर मोजा आणि दांडा जास्तीत जास्त जितका आत जातो तेवढं त्यातून वजा करा.

३. त्या मापाला दोन भोकं पाडून लोखंडी पट्ट्या बनवा, चाक उचलून शॉकच्या जागी त्या बोल्टने बसवा. आता चाक खड्ड्यात असतं तितकं वर आहे.

४. पुठ्ठ्याचा लूप कापून टेपने चिकटवा. टायर आणि लूपमध्ये, मडगार्ड ठेवणार असाल तर मडगार्डच्या वर, निदान २५ मिमी गॅप हवा. कमी पडला तर लूप मागून वर उचललेला घ्या.

जाड टायर टाकायचा असेल तर तोच बसवून मोजा, जुन्या टायरवर घेतलेलं माप काही कामाचं नाही, आणि चेन ताणली की चाक मागे सरकतं तेही धरा.

कापताना शॉक जिथे वर बसतो त्या माउंटला आणि त्याच्या पुढच्या पाइपला हात लावू नका, सगळा लोड तिथेच येतो.