माळ्यावर जुनी कॉमिक्स सापडली? थांबा, आधी या चुका टाळा

सदाशिव, नारायण, कसबा पेठेतला एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यातल्या एखाद्या ट्रंकेत जुन्या पंचांगांखाली इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा निघतो. मग फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, कुणीतरी लगेच अमेरिकेतली बातमी टाकतं की कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या घराच्या माळ्यावर सुपरमॅनचा १९३९ चा पहिला अंक सापडला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ९१ लाख २० हजार डॉलरला, म्हणजे आपल्या ८० कोटींच्या आसपास गेला. बातमी खरी आहे. पण ती वाचून लोक गठ्ठा घेऊन जे काही करायला लागतात ना, ते बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. या बाजारात पैसा गोष्टीला नाही, कागदाला मिळतो. गोष्ट तर कुठेही वाचायला मिळते. त्या भावांचा अंक दहापैकी ९.० ग्रेडचा होता, एवढ्या जुन्या कागदाला एवढी ग्रेड म्हणजे कमाल आहे. तसंच ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जून १९३८ चा, तेव्हा १० सेंटला मिळायचा, त्याची ८.५ ग्रेडची प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली, आणि त्याच अंकाची कव्हर फाटलेली प्रत आली तर तिला याच्या कितीतरी पट कमी मिळतात. अंक तोच, चित्रं तीच, फरक फक्त अवस्थेचा. म्हणून तुम्ही अंकावर जे काही "करता", त्यातलं बहुतेक सगळं किंमत कमी करतं.

सगळ्यात मोठी चूक: दुरुस्त करायला घेणं

कव्हर जरा फाटलंय म्हणून सेलोटेप. हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, कागदात मुरतो आणि टेप निघून गेली तरी डाग राहतो तो राहतोच. फाटलेलं कव्हर तसंच ठेवलं असतं तर बरं होतं. आणि आता टेप आहेच तर ती ओढून काढू नका, सोबत छपाई उचलून येते. राहू द्या.

मग लॅमिनेशन. कॉलेजच्या सर्टिफिकेटसारखं कव्हर लॅमिनेट करून आणलेले अंक येतात, आणि देणारा अभिमानाने सांगतो की बघा किती जपलंय. त्याला काय सांगणार. लॅमिनेशन म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने तो अंक संपला, कारण ते उलटवता येत नाही.

तिसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो चांगला दिसतो. कव्हरच्या काळ्या भागावर पांढरी रेघ उमटली की तिच्यावर काळं स्केचपेन फिरवायचं, कडा खडबडीत झाल्या की कटरने सरळ करायच्या. २००० साली अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली, ती अंक तपासून ग्रेड देते आणि जाड पारदर्शक प्लास्टिकच्या केसमध्ये सील करते, संग्राहक त्याला स्लॅब म्हणतात. साधा न छेडलेला अंक असेल तर लेबल निळं, आणि रंग भरलाय किंवा कडा कापल्यात असं आढळलं तर जांभळं. जांभळं लेबल लागलं की तोच अंक तसाच दिसत असूनही बरंच कमी मोल मिळतं. दोन रुपयांचं स्केचपेन आणि हात दाखवून अवलक्षण.

इस्त्री करणं, ओल्या फडक्याने पुसणं, खोडरबरने नाव खोडणं, हे सगळं त्याच यादीत. आतल्या पानावर कुणीतरी "चि. अमुक यास वाढदिवसानिमित्त" लिहिलंय किंवा फिरत्या वाचनालयाचा शिक्का आहे तर असू द्या. शिक्क्यामुळे किंमत थोडी उतरते, खोडलेल्या शिक्क्यामुळे जास्त उतरते.

बाइंडिंग

हा खास आपला प्रश्न. मे महिन्याच्या सुट्टीत दहा-बारा इंद्रजाल एकत्र करून पुठ्ठ्याचं बाइंडिंग करून घ्यायची पद्धत घरोघरी होती, त्यामुळेच कित्येक अंक टिकले हेही खरंय. असा एखादा खंड हातात आला की वरची कड बघा, बाइंडरने मशीनवर कापून सारखी केलेली असते, अंकाचा नंबर आणि किंमत छापलेली पट्टी निम्मी उडालेली असते, आणि मधल्या घडीपाशी पाठीपासून थोडं आत दोऱ्याची तीन-चार भोकं सापडतात. आता लोक काय करतात तर ब्लेड घेऊन खंड सोडवायला बसतात, की सुटे अंक विकले तर जास्त येतील. नाही येणार. कापलेली कड परत येत नाही, भोकं बुजत नाहीत, उलट सोडवताना पाठ फाटते. मराठीतले अंक इंग्रजीच्या मानाने कमीच दिसतात, तेव्हा सलग वर्षाचा मराठी खंड असेल तर खंड म्हणूनच ठेवा आणि खंड म्हणूनच विका.

पुण्याचा पावसाळा आणि तुमचं कपाट

जुनी कॉमिक्स न्यूजप्रिंटवर छापलेली, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यात लिग्निन असतं, ते हवेने आणि उजेडाने अ‍ॅसिड सोडत कागदाला पिवळा आणि ठिसूळ करतं. हे थांबवता येत नाही, फक्त सावकाश करता येतं. कोलोरॅडोत एडगर चर्च नावाच्या चित्रकाराने वर्षानुवर्षं घरात अंकांचे ढीग रचून ठेवले होते, १९७७ मध्ये ते बाहेर आले तेव्हा पानं इतकी पांढरी की आजही "माइल हाय" (या संग्रहाचं पडलेलं नाव) प्रत म्हटलं की संग्राहक वेगळाच भाव देतात. कारण काय तर थंड कोरडी हवा, अंधार आणि एकावर एक दाबून ठेवलेले गठ्ठे. कॅलिफोर्नियातल्या त्या माळ्यालाही थंड हवेचाच फायदा मिळाला.

आपला माळा तसा नाही. एप्रिलमध्ये पत्र्याखाली भट्टी आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तरी ओल. त्या ओलीने पिना गंजतात, गंजाचा तपकिरी ठिपका आधी मधल्या पानावर आणि मग कव्हरवर उतरतो, मागून कसर येते, वाळवी येते. तेव्हा माळा नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, जमिनीवरची ट्रंक तर नकोच. आतल्या खोलीतलं मधल्या उंचीचं कपाट, दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आला तर उत्तम, सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात अधूनमधून बदला, नाहीतर त्या नुसत्याच पडून असतात. डांबरगोळ्या अंकाला चिकटून ठेवू नका. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वासाचे पीव्हीसी कव्हर पण नको, ते काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलिन किंवा मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पिशवी आणि मागे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड, म्हणजे अ‍ॅसिड नसलेला पुठ्ठा, एवढंच लागतं.

कुबट वास येतोय? उन्हात वाळत घालू नका, रंग उडतो. पंख्याखाली सावलीत थोडे दिवस, मग बंद डब्यात, खाली वाटीत खायचा सोडा, अंकाला न लागेल असा. पानं चिकटलीत? ओढू नका, कागद जपण्याचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या. कसर दिसली तर तो अंक आधी बाकीच्यांपासून लांब करा.

"पहिली आवृत्ती आहे" यावर विश्वास

अमर चित्रकथा १९६७ मध्ये अनंत पैंनी सुरू केली आणि तिचे लोकप्रिय अंक पुन्हा पुन्हा छापले गेले, त्यामुळे शिवाजी महाराजांचा अंक मिळाला म्हणजे तो दुर्मिळ असं नसतं. आतल्या पानावरचं साल, किंमत, पत्ता बघा. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ चा, वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) पट्ट्याची गोष्ट, आणि त्याची रंगीत झेरॉक्स कव्हर लावलेली प्रत कुणी दाखवली तर भिंगाने बघा, जुन्या छपाईत रंगाचे ठिपके गोल आणि ओळीत दिसतात. आणखी एक, इंग्रजी इंद्रजालचे १२३ आणि १२४ नंबर संपामुळे छापलेच गेले नव्हते, ते "अतिदुर्मिळ" म्हणून कुणी देऊ केले तर नमस्कार करून निघा.

बाहेरच्या अंकांतही हेच. १९७४ मध्ये अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची मोठ्या आकाराची पुनर्मुद्रित प्रत निघाली, तिचं बाहेरचं कव्हर काढून टाकलं की आतलं अगदी मूळ अंकासारखं, आणि त्यावर लोक आजही फसतात. मोजपट्टी लावली तरी फसवणूक उघडी पडते, कारण ती प्रत मूळ अंकापेक्षा बरीच मोठी आहे.

नव्वदीतले अंक इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊ नका. १९९१ च्या एक्स-मेन पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती खपल्या, सगळ्यांनी जपून ठेवल्या, त्यामुळे दुर्मिळ काहीच उरलं नाही.

स्लॅब घेताना लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, आणि तिथला फोटो हातातल्या अंकाशी ताडून बघा. केस उघडून आतला अंक बदलल्याची प्रकरणं झालेली आहेत, नुसतं लेबल पुरत नाही.

विकताना

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गठ्ठा घेऊन उभे राहिलात तर भाव गठ्ठ्याचाच मिळेल, तिथल्या माणसाची त्यात चूक नाही, त्यालाही पुढे विकायचंय. आधी घरी बसून यादी करा, नंबर, भाषा, साल, कव्हर आहे का, मधलं पान आहे का. मधलं पान नक्की बघा, पिना सैल झाल्या की तेच आधी पडतं, आणि लोक पोस्टर म्हणून तेच काढायचे. ज्याने पहिल्या फोनवर "सगळं उचलतो" म्हटलं त्याला थांबायला सांगा, दोन-तीन संग्राहकांना फोटो दाखवा. विक्रीला मांडलेली किंमत बघून स्वप्नं रंगवू नका, विकली गेलेली किंमत बघा. बाहेरच्या लिलावातून घेत असाल तर बोलीवर लिलावघराचं प्रीमियम, मग शिपिंग, मग कस्टम, हे धरूनच आकडा ठरवा.

आणि गठ्ठा कुणाचा, कुठल्या वाड्यात, कधीपासून होता हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. अंकावर नको. पुढे अस्सलपणाबद्दल कुणी प्रश्न केला तर तो कागद कामी येतो.